मतदान दर पाच वर्षांनी, मग चेअरमन तोच का?

२३ नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचे निकाल लागत होते, तेव्हा संगमनेरचा आकडा बघून बऱ्याच जणांनी मोबाईल दोनदा रिफ्रेश केला. १९८५ पासून सलग आठ वेळा निवडून आलेले बाळासाहेब थोरात पडले होते. समोर होते अमोल खताळ. जवळजवळ चाळीस वर्षांची आमदारकी एका दिवसाच्या मतदानानं संपली. हा निकाल बरोबर की चूक, यावर संगमनेरमध्ये अजूनही पारावर वाद होतात, होत राहतील. पण एक गोष्ट त्या दिवशी सगळ्यांना दिसली. कितीही जुना नेता असू दे, लोकांनी ठरवलं तर तो बदलता येतो.

आता हाच मतदार गावात कसा वागतो ते बघा. सोसायटीचा चेअरमन वडिलांच्या काळापासून एकाच घरातला. कारखान्याच्या पॅनलमध्ये चार नावं इकडची तिकडं, वरचं नाव तेच. जिल्हा बँकेत तालुक्याची जागा कुणाची, हे निवडणूक लागायच्या आधीच पोराबाळांना माहीत. बाजार समिती, दूध संघ, खरेदी-विक्री संघ, सगळीकडं तीच कथा. जो माणूस आमदार पाडायला घाबरत नाही, तो सोसायटीचा चेअरमन बदलायचं म्हटलं की मान खाली घालतो. मतदान तर दोन्हीकडं होतं. मग फरक कुठं पडतो?

मुंबईची खुर्ची फिरते, तालुक्याची नाही

महाराष्ट्राचं राजकारण वरून बघितलं तर फार अस्थिर दिसतं. वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ अशी अकरा वर्षं सलग मुख्यमंत्री होते. त्यांच्यानंतर तेवढा काळ सलग कुणालाच जमला नाही. सरकारं पडली, पक्ष फुटले, चिन्हं गेली. मुंबईत एवढी उलथापालथ होत असताना तालुक्यातली सहकाराची खुर्ची मात्र जागची हलत नाही. उलट वरचे पक्ष बदलतात आणि खालचा माणूस पक्षासकट तिकडं जातो. झेंडा नवा, माणूस जुना.

तालुक्याचं खरं बळ आमदारकीत नसतं, हे यामागचं साधं कारण. आमदार पाच वर्षांत गावात दहा वेळा येतो. सोसायटी, कारखाना आणि बँक मात्र रोजच्या जगण्यात असतात. पीककर्ज कधी मिळणार, ऊस कधी तुटणार, दुधाची फॅट किती लागणार, हे तिथं ठरतं. आमदारकी गेली तरी या संस्था हातात असल्या की माणूस मोठाच राहतो. संस्था गेल्या आणि आमदारकी राहिली, तर पुढच्या वेळी तिकीट टिकवतानाही नाकी नऊ येतात. म्हणून आमदारकीपेक्षा जास्त जोर लागतो तो चेअरमनपदाला.

मत तुमचं, पण ते टाकतो कोण?

जिल्हा बँकेची निवडणूक कशी होते, हे गावातल्या तरुण पोरांना विचारलं तर बहुतेकांना नीट सांगता येत नाही. शेतकऱ्याचं कर्जखातं असतं गावच्या विकास सेवा सोसायटीत. सोसायटी जिल्हा बँकेची सभासद. म्हणजे बँकेच्या निवडणुकीत मत असतं सोसायटीला, शेतकऱ्याला नाही. सोसायटीचं संचालक मंडळ बैठक घेतं, ठराव करतं आणि एका माणसाचं नाव प्रतिनिधी म्हणून पाठवतं. गावात आठशे खातेदार असले तरी मतपेटीत चिठ्ठी एकच पडते, त्या ठरावावरच्या माणसाची.

आता हिशेब मांडा. विधानसभेला तीन लाख मतदार सांभाळावे लागतात. तालुक्यातून बँकेवर जायला तालुक्यातले मोजके ठराव हातात असले की झालं. तेवढी माणसं नावानं ओळखता येतात. कुणाच्या पोराला कारखान्यात घ्यायचं, कुणाची पाईपलाईन मंजूर करायची, हे लक्षात ठेवता येतं. मतदानाच्या आठ-दहा दिवस आधी हे ठरावधारक गावात दिसेनासे होतात. कुणी गोव्याला, कुणी महाबळेश्वरला, कुणी देवदर्शनाला. मतदानाच्या दिवशी सकाळी बसमधून थेट केंद्रावर उतरतात. याला गावाकडं ‘सहल’ म्हणतात आणि हसतात. हसण्यासारखं त्यात काही नाही. आठशे शेतकऱ्यांचं मत त्या बसमध्ये बसून गेलेलं असतं.

दूध संघात हाच प्रकार. गावच्या डेअरीचा ठराव, त्यावर एक नाव. बाजार समितीत तर आणखी गंमत. माल शेतकऱ्याचा, तोलाई-हमाली त्याच्याकडून, पण शेतकरी मतदारसंघात मत कुणाला? सोसायट्यांच्या संचालकांना आणि ग्रामपंचायत सदस्यांना. २०१७ मध्ये राज्य सरकारनं कायदा बदलून थेट शेतकऱ्याला मताचा अधिकार दिला होता. नंतर दुसरं सरकार आलं आणि २०२० मध्ये तो अधिकार काढून घेतला. कारण दिलं गेलं खर्चाचं. एवढ्या मतदारांची निवडणूक बाजार समित्यांना परवडत नाही म्हणे. खर्चाचा मुद्दा अगदीच खोटा नव्हता, लहान समित्यांना तो खरंच जड जातो. पण हा अधिकार काढताना रस्त्यावर फार कुणी उतरलं नाही, याचं कारण बहुतेक शेतकऱ्यांना आपल्याला मत मिळालं होतं हेच ठाऊक नव्हतं.

कारखान्याचं वेगळं आहे. तिथं भागधारक सभासद थेट मत देतो. म्हणून कारखान्याची निवडणूक चुरशीची होते, गावोगाव सभा होतात, ट्रॅक्टरवर भोंगे लागतात. तिथं खेळ होतो तो यादीत. सभासद करून कुणाला घ्यायचं, हे संचालक मंडळाच्या हातात. विरोधी गटाच्या माणसानं शेअर्ससाठी अर्ज केला की तो टेबलावर पडून राहतो. वडील वारले, मुलानं वारस नोंदीचे कागद दिले, तरी नाव चढायला दोन-दोन हंगाम जातात. आणि मेलेल्या माणसाचं नाव मात्र यादीत ठणठणीत असतं. निवडणूक आयोग विधानसभेची यादी करतो तेव्हा त्यावर उमेदवाराचा हात नसतो. इथं ज्याला निवडून यायचंय, त्याच्याच कार्यालयात यादी जन्माला येते. संगमनेरला जे एका दिवसात झालं, ते सहकारात का होत नाही, याचं अर्धं उत्तर या एका फरकात आहे.

उरलेलं अर्धं उत्तर उसाच्या फडात

मत गुप्त असतं, हे खरं. पण गावात गुप्त काय राहतं? एका गटात पाचशे मतं, बूथ गावातच, मोजणी गटवार. कोणत्या वस्तीनं कुणाला दिलं, हे संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर कळतं.

आणि ऊस उभा असतो. सोळा-सतरा महिन्यांचं पीक, त्याच्यावर सोसायटीचं कर्ज, खताच्या दुकानाची उधारी, पोरीचं लग्न. जानेवारीत तुटला तर वजन मिळतं. मार्चपर्यंत उभा राहिला तर तुरा येतो, ऊस पोकळ पडतो, वजन घटतं, शिवाय पाण्याची बोंब. तोड कधी येणार हे ठरतं शेतकी विभागाच्या कार्यक्रमानं. कागदावर तो लागवडीच्या तारखेप्रमाणं असतो. प्रत्यक्षात चिटबॉय, मुकादम आणि गटातला संचालक यांच्या फोनवर बरंच काही हलतं. ‘तुमची नोंद सापडत नाही’, ‘टोळी पळून गेली’, ‘वाहन नाही’. तिन्ही कारणं खरी असू शकतात. तिन्ही कारणं एकाच शेतकऱ्याला तीन आठवडे सांगितली गेली, की त्याला काय समजायचं ते समजतं. त्याला कुणी धमकी दिलेली नसते, आणि देण्याची गरजही पडत नाही.

दुसऱ्या कारखान्याला ऊस घालू म्हटलं, तर महाराष्ट्रात दोन कारखान्यांत २५ किलोमीटर हवाई अंतराची अट आहे. ही अट कारखान्याला ऊस पुरावा म्हणून केलेली. तिचा दुसरा परिणाम असा, की बऱ्याच भागात शेतकऱ्याला जवळचा पर्याय एकच उरतो. जिथं दोन-तीन कारखान्यांच्या टोळ्या एकाच शिवारात फिरतात, तिथं चेअरमन सभासदाशी जरा गोड बोलतो. हे कोल्हापूर-सांगली पट्ट्यातला शेतकरी लगेच ओळखेल.

सोसायटीचंही तसंच. मार्चएंडला कर्ज नवं-जुनं करायचं असतं. भरायला पैसे नसतात, चार दिवसांसाठी कुणाकडून तरी उचलायचे, भरायचे, परत कर्ज उचलायचं. त्या चार दिवसांत गटसचिव आणि चेअरमन ज्याच्या पाठीशी, त्याचं काम होतं. मग निवडणुकीत त्या माणसाविरुद्ध अर्ज भरायला सूचक-अनुमोदक तरी कुठून आणायचे?

बिनविरोधचं कौतुक

निवडणूक बिनविरोध झाली की बातमी येते, हार-तुरे होतात, ‘गावानं आदर्श घालून दिला’ असं म्हटलं जातं. भांडणं टळली, खर्च वाचला, हे खरंच. काही गावांत सगळे गट बसून, चर्चा करून, नव्या पोरांना संधी देऊन बिनविरोध करतात. त्याचं कौतुक व्हायलाच पाहिजे.

पण बऱ्याच ठिकाणी बिनविरोध म्हणजे हिशेबाची सुट्टी असते. निवडणूक लागली की निदान महिनाभर तरी विरोधी पॅनल पत्रक काढतं, तोटा किती, कर्ज किती, काटा कसा मारला, असे प्रश्न विचारतं. उत्तर द्यायला चेअरमनला गावोगाव फिरावं लागतं. बिनविरोधला तेही नाही. विरोधकाला एक संचालकपद दिलं की पाच वर्षं शांतता. आणि बिनविरोधचा सौदा कुठपर्यंत जातो, हे जानेवारी २०२१ मध्ये दिसलं. नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी इथं ग्रामपंचायतीच्या पदांचा जाहीर लिलाव झाल्याचे व्हिडिओ फिरले. राज्य निवडणूक आयोगानं दोन्ही ग्रामपंचायतींच्या निवडणुका रद्द केल्या. पैसे देवळासाठी होते, असं सांगितलं गेलं. देवळासाठी असतील. पण ज्यानं पद विकत घेतलं त्याला काढायचा रस्ता गावाकडं उरला असता का?

अकरा वेळा आमदार, तरीही

इथं एक नाव घेतल्याशिवाय पुढं जाता येत नाही. सांगोल्याचे गणपतराव देशमुख. १९६२ ला पहिल्यांदा आमदार, २०१४ ला अकराव्यांदा. जास्त काळ सत्तेत राहणं वाईटच, असं सरसकट म्हणणाऱ्याला सांगोल्याचा माणूस गप्प करतो. एसटीनं प्रवास करणारा आमदार, नीट चाललेली सूतगिरणी, पाण्यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा. आणि एकदोन वेळा सोडलं तर कायम विरोधी बाकावर.

मात्र गणपतरावांच्या यादीत दोन पराभव आहेत, १९७२ आणि १९९५. लोकांनी त्यांना दोनदा घरी बसवलं आणि दोन्ही वेळा परत बोलावलं. म्हणजे सांगोल्यात दार उघडं होतं. माणूस पन्नास वर्षं राहिला तो लोकांनी ठेवला म्हणून. चाळीस वर्षं एकच चेअरमन असलेल्या संस्थेला हाच प्रश्न विचारून बघायला हवा: या चाळीस वर्षांत एकदा तरी तो पडू शकला असता का? अटीतटीची एक तरी निवडणूक झाली का? झाली असेल आणि तरी तो निवडून आला असेल, तर त्याच्या वर्षांवर बोट ठेवण्याचं कारण नाही.

जुन्या चेअरमनच्या बाजूनं एक मुद्दा नेहमी येतो आणि तो खरा आहे. कारखाना चालवणं हे पोरखेळ नाही. साखरेचा भाव, इथेनॉलचं धोरण, बँकेचं तारण, दिल्लीतली ओळख, यात वीस वर्षं घातलेला माणूस आणि कालचा माणूस यात फरक पडतोच. नवं पॅनल आलं आणि दोन हंगामांत कारखाना बसला, अशी उदाहरणं आहेत. पण हा अनुभव एकाच डोक्यात साठवून ठेवायचा आणि मग ‘माझ्याशिवाय कोण?’ म्हणायचं, यात लबाडी आहे. वीस वर्षांत दुसऱ्या फळीतला एकही माणूस तयार झाला नाही, तर तो दोष कुणाचा? प्रवरानगरला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला तेव्हा विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेअर्स गोळा केले, पण सुरुवातीच्या वर्षांत अध्यक्षपदी बसवलं ते अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांना. उभारणारा एक आणि खुर्चीवर दुसरा, असं सहकाराच्या पहिल्याच कारखान्यात घडलं होतं. आज हे कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही.

वर्षांची मर्यादा आली, पण कुणाला?

आता थोडं कायद्याकडं. राज्यघटनेतली ९७ वी दुरुस्ती फेब्रुवारी २०१२ मध्ये लागू झाली. सहकारी संस्थांत संचालक जास्तीत जास्त २१, मुदत पाच वर्षं, निवडणूक घ्यायला स्वतंत्र यंत्रणा. त्यातूनच राज्यात सहकारी निवडणूक प्राधिकरण आलं. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या दुरुस्तीचा राज्यातल्या संस्थांपुरता भाग रद्द केला, कारण निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मान्यता घेतली नव्हती. पण महाराष्ट्रानं आपला कायदा आधीच बदललेला असल्यामुळं प्राधिकरण राहिलं. या सगळ्यात एक गोष्ट कुठंच नव्हती. संचालकानं किती मुदती बसायचं, यावर मर्यादा नव्हती.

ती आली बँकांच्या बाजूनं. २०२० मध्ये बँकिंग नियमन कायदा बदलला आणि सहकारी बँकांच्या संचालकाला सलग आठ वर्षांपेक्षा जास्त राहता येणार नाही, असं ठरलं. जिल्हा बँकांना तो १ एप्रिल २०२१ पासून लागू झाला. जिल्ह्याजिल्ह्यांत खळबळ उडाली, कारण पंचवीस-तीस वर्षांचे संचालक पैशाला पासरी होते. मग २०२५ च्या दुरुस्तीनं आठाची दहा वर्षं केली, १ ऑगस्ट २०२५ पासून. पाच-पाच वर्षांच्या दोन मुदती पूर्ण व्हाव्यात, हे कारण. ते पटण्यासारखं आहे.

पण मजकूर नीट वाचला की तीन फटी दिसतात. एक, मर्यादा ‘सलग’ काळाला आहे. दोन, अध्यक्ष आणि पूर्णवेळ संचालक यांना ती लागूच नाही. तिसरी फट सगळ्यात मोठी आणि ती कायद्याला बुजवता येईल असं दिसत नाही: मर्यादा माणसाला आहे, घराला नाही. दहा वर्षांनी वडील उठतील, मुलगा बसेल. मुलगा लहान असेल तर सून. बैठकीला वडील ‘मार्गदर्शक’ म्हणून येतीलच.

याला जगातही जोड आहे. रशियात राष्ट्राध्यक्षाला सलग दोनच मुदती होत्या. २००८ मध्ये पुतिन उठले, मेदवेदेव बसले, पुतिन पंतप्रधान झाले. कारभार कोण बघतं हे सगळ्यांना माहीत होतं. २०१२ मध्ये पुतिन परत आले आणि २०२० मध्ये घटनाच बदलून घेतली, जुन्या मुदती मोजायच्याच नाहीत असं ठरवून. आपल्याकडं सरपंचपती असतो, तिकडं एवढा मोठा देश तसा चालला.

सरपंचपतीचा विषय निघालाच आहे तर ग्रामपंचायतीकडंही बघावं लागेल, कारण खुर्ची फिरवण्याचा सगळ्यात मोठा प्रयोग तिथंच झाला. ७३ वी घटनादुरुस्ती, आरक्षणाची सोडत, महिलांना आधी ३३ आणि २०११ पासून ५० टक्के जागा. सोडत निघाली की पिढीजात सरपंच एका चिठ्ठीनं बाजूला. अनेक गावांत त्यानंतर पहिल्यांदा वेगळ्या वस्तीतला, वेगळ्या समाजातला माणूस किंवा बाई खुर्चीवर बसली, आणि काहींनी कारभार असा केला की पुढं खुल्या जागेवरही निवडून आल्या. त्याच वेळी अनेक गावांत सही बाईची आणि शिक्का नवऱ्याच्या खिशात. हा प्रकार इतका वाढला, की केंद्राच्या पंचायतराज मंत्रालयाला २०२३ मध्ये त्यावर समिती नेमावी लागली. तरीही फरक पडतो. नवऱ्याच्या खिशातला शिक्का पाच वर्षांनी निदान दुसऱ्या घरात जातो. सोसायटीचा तोही जात नाही.

निवडणूकच झाली नाही तर?

जुन्या माणसाला राहायला आणखी एक सोपी वाट मिळते. मतदानच पुढं ढकलायचं. सहकारी संस्थांच्या निवडणुका जानेवारी २०२० मध्ये कर्जमाफीच्या कामासाठी थांबवल्या, मग कोरोना आला, मग पावसाळा, मग लोकसभा-विधानसभा. प्रत्येक वेळचं कारण समजण्यासारखं. बेरीज केली तर कित्येक संचालक मंडळांना पाचाऐवजी सहा-सात वर्षं फुकट मिळाली. ज्यांनी मत देऊन पाच वर्षांसाठी बसवलं, त्यांना कुणी विचारलं नाही.

याच्या उलट टोक जिल्हा परिषदांनी बघितलं. २०१७ मध्ये निवडून आलेल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रशासक आले. ओबीसी आरक्षण आणि गट-गणांच्या रचनेचे खटले चालत राहिले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घ्या म्हणून सांगावं लागलं. तीन वर्षांहून जास्त काळ गटाचा सदस्यच नाही. शाळेची खोली पडली, आरोग्य उपकेंद्राला कुलूप, तर सांगायचं कुणाला? गटविकास अधिकाऱ्याला भेटायला तालुक्याला जायचं, साहेब मिटिंगमध्ये. या काळात कितीतरी लोकांना जुना, खडूस, वीस वर्षं बसलेला सदस्यसुद्धा बरा वाटायला लागला. निदान त्याच्या दारात जाऊन शिव्या तरी देता येत होत्या.

सहकारातही प्रशासक हे औषध जालीम आहे. मे २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या सांगण्यावरून राज्य सहकारी बँकेचं संचालक मंडळ बरखास्त झालं. त्या वेळी राज्यातली बडी बडी नावं त्यात होती. नागपूर, वर्धा, बुलढाणा या जिल्हा बँकांना परवाना मिळाला नाही, तेव्हा शेतकऱ्यांच्या आणि शिक्षकांच्या ठेवी अडकल्या, सरकारी मदत येईपर्यंत बायाबापड्या शाखेच्या पायरीवर बसून राहिल्या. या बँका बुडायला आल्या त्याला कारणं अनेक होती, थकलेली कर्जं होती, दुष्काळ होते. पण कर्ज देताना ‘हे देऊ नका’ असं म्हणणारा टेबलाभोवती कुणी नव्हता, हे त्यातलं एक कारण. पंधरा-वीस वर्षं एकत्र बसलेली माणसं एकमेकांना नाही म्हणत नाहीत.

सभासदाच्या हातात काय आहे

चेअरमनवर अविश्वास आणायचा तर तो संचालकच आणू शकतात, सभासदाला तो अधिकार नाही. त्यामुळं ‘आपण काय करणार’ हे वाक्य गावात ठरलेलं. पण सभासदाच्या हातात अगदीच काही नाही, असंही नाही.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमातलं कलम ३२ फार कमी लोकांना माहीत आहे. सभासदाला संस्थेच्या कार्यालयात जाऊन पोटनियम, शेवटचा लेखापरीक्षण झालेला ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, सभासदांची नोंदवही, सभांची इतिवृत्तं आणि स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी फुकट बघता येतात. फी भरून नकला मागता येतात. गटसचिव ‘कपाटाची किल्ली नाही’ म्हणतो, तेव्हा अर्ज लेखी द्यायचा आणि पोच घ्यायची. पोच नसलेल्या अर्जाला सहकारात काही किंमत नाही.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. ती कशी होते, सगळ्यांना माहीत आहे. मंडप, अहवालवाचन, ‘मंजूर, मंजूर’ असा गजर, वीस मिनिटांत राष्ट्रगीत आणि जेवण. गजर करणारी माणसं ठरलेली असतात. विरोधातला माणूस उभा राहिला की माईक बंद. म्हणून प्रश्न सभेत तोंडी विचारण्याआधी लेखी पाठवलेला बरा. त्याची नोंद इतिवृत्तात आली नाही, तर सहायक निबंधकाकडं जाता येतं. संस्थेच्या एक पंचमांश सभासदांनी सह्या करून मागणी केली तर कलम ८३ खाली चौकशी लागू शकते. एक पंचमांश सह्या मोठ्या कारखान्यात गोळा करणं जवळजवळ अशक्य. गावच्या सोसायटीत मात्र अशक्य नाही.

आणि शेवटी तो ठराव. जिल्हा बँकेची किंवा संघाची निवडणूक जवळ आली की सोसायटीत प्रतिनिधीच्या नावाचा ठराव होतो. ही बैठक कधी झाली, किती संचालक हजर होते, सह्या कुणाच्या, हे गावातल्या पाच लोकांनाही माहीत नसतं. काही वेळा एकाच सोसायटीतून दोन ठराव जातात आणि मग कुठला खरा यावर कोर्टबाजी होते. त्यानंतर प्रारूप मतदार यादी लागते आणि हरकतीला मोजके दिवस मिळतात. कारखान्याच्या यादीत वडिलांचं नाव आहे आणि ते चार वर्षांपूर्वी वारले, किंवा आपण शेअर्सचे पैसे भरले आणि नाव नाही, हे दाखवायची वेळ तीच. यादी अंतिम झाली की ती त्या निवडणुकीपुरती दगडावरची रेघ. पूर्वी ही यादी कार्यालयाच्या फळ्यावर लागायची आणि फळा बघायला कुणी जायचं नाही. आता तिचा फोटो काढून गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायला एक मिनिट लागतो. वारलेल्या माणसांची नावं शोधायला गावातल्या म्हाताऱ्यांसारखं दुसरं कुणी नाही, आणि ती बहुतेक सगळी त्या ग्रुपवर आहेत.